बदलीच्या हुकमावर सही कोणाची?

6 जानेवारी 2002 च्या रविवारी ‘बॉस्टन ग्लोब’ने पहिल्या पानावर जॉन गेगन या माजी कॅथलिक धर्मगुरूची हकिकत छापली. तीस वर्षांत बॉस्टन परिसरातल्या पाच-सहा पॅरिशमध्ये त्याने लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार घेऊन 130 हून अधिक माणसं पुढे आली होती. या शोधकामावरच्या ‘स्पॉटलाइट’ला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि कोणालाच ठाऊक नसलेलं गुपित पत्रकारांनी खणून काढलं, अशी समजूत रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. लुइझियानातल्या एका धर्मगुरूचं प्रकरण जेसन बेरी या पत्रकाराने 1985 मध्येच सविस्तर मांडलं होतं. 1992 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच जेम्स पोर्टर या दुसऱ्या माजी धर्मगुरूचं प्रकरण गाजलं, तेव्हा बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी प्रसारमाध्यमांवर, विशेषतः ‘ग्लोब’वर, देवाची शक्ती उतरो अशी भाषा केली होती. गेगनबद्दलही ‘बॉस्टन फिनिक्स’ या साप्ताहिकाने 2001 च्या मार्चमध्ये लिहिलं होतं, खुद्द ‘ग्लोब’नेही अधूनमधून बातम्या दिल्या होत्या. पीडितांना माहीत होतं, वकिलांना माहीत होतं, चर्चच्या वरिष्ठांना तर सगळ्यांत आधी माहीत होतं. मग 2002 मध्ये वेगळं काय घडलं? माझ्या मते, पत्रकारांनी प्रश्न बदलला. ‘हा पाद्री असा कसा निघाला’ हे विचारणं सोडून ‘याची बदली कोणी केली’ हे ते विचारू लागले आणि त्याचं उत्तर त्यांनी चर्चच्याच कागदांत शोधलं.

या बदलाची सुरुवात एका संपादकीय बैठकीत झाली. 2001 च्या जुलैअखेर मायामीहून आलेले ‘ग्लोब’चे नवे संपादक मार्टी बॅरन यांनी आयलीन मॅकनामारा यांचा ‘ग्लोब’मधलाच स्तंभ वाचला होता. गेगन खटल्यातली कागदपत्रं न्यायालयाने सीलबंद ठेवल्याने खरं काय ते कधीच कळणार नाही, असा त्यातला सूर होता. मग ती उघडण्यासाठी आपण अर्ज का करत नाही, असं बॅरननी विचारलं. बॉस्टनमध्ये कार्डिनल लॉ यांच्या महाधर्मप्रांताला कोर्टात खेचणं ही साधी गोष्ट नव्हती. पोलीस, न्यायाधीश, आमदार, वाचक, सगळीकडे कॅथलिक समाजच मोठा. तरी न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी नोव्हेंबरमध्ये ‘ग्लोब’च्या बाजूने निकाल दिला. 1984 मध्ये गेगनवरचे आरोप कार्डिनलांच्या कानावर आले होते आणि तरीही त्यांनी त्याची वेस्टनच्या सेंट जुलिया पॅरिशमध्ये नेमणूक मंजूर केली, हे लॉ यांनी स्वतःच न्यायालयात मान्य केलं होतं. 1984 च्याच डिसेंबरमध्ये त्यांचेच एक सहायक बिशप जॉन डार्सी यांनी या नेमणुकीबद्दल पत्राने हरकत घेतली होती. सेंट जुलियात गेगनकडे मुलांच्या तीन गटांची जबाबदारी आली. त्यांत वेदीसेवक मुलांचाही गट होता.

एका माणसाची फाइल अशी हाती आली, तरी ‘नासका आंबा एखादाच’ असं म्हणायला जागा उरतेच. ती जागा ‘ग्लोब’च्या ‘स्पॉटलाइट’ या शोधपत्रकारांच्या पथकाने अगदी कारकुनी कामाने बुजवली. महाधर्मप्रांत दरवर्षी आपल्या धर्मगुरूंची निर्देशिका छापत असे: कोण कोणत्या पॅरिशमध्ये, कोण निवृत्त, कोण ‘आजारपणाच्या रजेवर’, कोण ‘नेमणुकीच्या प्रतीक्षेत’. अत्याचाराच्या तक्रारींनंतर बाजूला काढलेल्या पाद्र्यांच्या नावांपुढे असेच शेरे असतात, हे बातमीदारांच्या ध्यानात आलं. मग जुने खंड काढून, एकेका नावावर बोट ठेवून, त्यांनी या नोंदी स्प्रेडशीटमध्ये चढवल्या. हा सगळा मजकूर चर्चनेच छापलेला, ग्रंथालयात कोणालाही बघता येईल असा. सरकारी खात्यातली बदली काय काय लपवू शकते, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला यातली गोम वेगळी सांगायला नको. गुप्त तडजोडींचा माग, पीडितांची आणि वकिलांची साक्ष यांच्याशी या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. 31 जानेवारीला बातमी आली: मागच्या दहा वर्षांत किमान 70 धर्मगुरूंवरच्या तक्रारी महाधर्मप्रांताने गुपचूप पैसे देऊन मिटवल्या होत्या. पैसे घेणाऱ्याने वाच्यता करायची नाही, ही अट असे. कोर्टात काहीच येत नसल्याने प्रत्येक कुटुंबाला हे आपल्याच घरी घडलं असं वाटत राहिलं.

यावरचा एक आक्षेप गंभीर आहे. वृत्तपत्रांच्या हाती असं हत्यार आलं की निरपराध माणूस आयुष्यातून उठू शकतो. 1993 च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर असा आरोप झाला आणि दूरचित्रवाणीने तो देशभर गाजवला. पुढच्या फेब्रुवारीत आरोप करणाऱ्यानेच तो मागे घेतला. संमोहनात जाग्या झालेल्या आठवणींवर तो उभा होता. म्हणून बातमी दाबावी असं मात्र यातून निघत नाही. एकट्या आठवणीवर ती उभी करू नये, एवढंच निघतं. ‘ग्लोब’ची बातमी टिकली ती चर्चच्या स्वतःच्या पत्रव्यवहारामुळे. दुसरा आक्षेप कॅथलिकद्वेषाचा. पण 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर आरोप झाल्याचा आकडा अमेरिकेतल्या बिशपांनीच जॉन जे कॉलेजकडून करून घेतलेल्या अभ्यासातून आला. हे प्रमाण एकूण धर्मगुरूंच्या सुमारे चार टक्के होतं. बहुसंख्य धर्मगुरू निर्दोष होते, हे त्यातूनही दिसतं. पण तक्रारी कोणाच्या टेबलावर पोचल्या आणि तिथेच थांबल्या, या प्रश्नाला ते उत्तर होत नाही.

पत्रकारितेची मर्यादाही इथे दिसते. कार्डिनल लॉ यांनी 13 डिसेंबर 2002 रोजी राजीनामा दिला. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या 2003 च्या अहवालात किमान 789 पीडितांच्या तक्रारींची नोंद झाली, पण वरिष्ठांवर फौजदारी खटला भरण्याजोगा आधार मिळाला नाही, कारण तक्रार पोलिसांना कळवणं धर्मगुरूंवर त्या काळी कायद्याने बंधनकारकच नव्हतं. तो कायदा 2002 मध्ये, बातम्यांच्या दबावाखाली, बदलला. लॉ मात्र 2004 मध्ये रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मानाच्या बॅसिलिकाचे प्रमुख झाले.

हे सगळं कॅथलिक धर्मगुरूंच्या सक्तीच्या ब्रह्मचर्यामुळे घडतं, असं सोपं निदान अजूनही ऐकू येतं. पण सदर्न बॅप्टिस्टांकडे पाहा. हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. त्यांचे पाळक बहुधा विवाहित, आणि बदल्या करणारा बिशपही त्यांच्यात नाही. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ आणि ‘सॅन अँटोनिओ एक्सप्रेस-न्यूज’ या दोन वृत्तपत्रांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की वीस वर्षांत या पंथातले सुमारे 380 पाळक, पदाधिकारी आणि स्वयंसेवक अत्याचाराच्या आरोपांत सापडले होते आणि पीडितांची संख्या 700 हून अधिक होती. आरोपींची यादी ठेवावी ही मागणी पंथाच्या कार्यकारी समितीने 2008 मध्ये फेटाळली होती. प्रत्येक चर्च स्वायत्त आहे, आम्ही यादी कशी ठेवणार, असं कारण दिलं होतं. बातम्यांनंतर चौकशी बसली. तिचा अहवाल 2022 च्या मे महिन्यात आला, तेव्हा कळलं की समितीच्या कचेरीत एक कर्मचारी अशी यादी कित्येक वर्षं गुपचूप ठेवत होता. ती जाहीर झाली तेव्हा 205 पानांची भरली.