वेदनाशमनाची अफूजन्य औषधे : भय आणि विवेक

पारशिवनीसारख्या तालुक्यातील कर्करुग्णाला उपचारासाठी नागपूर गाठावे लागते. वेदना मात्र घरी, रात्री जागी असते. तीव्र कर्कवेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त व प्रभावी औषध होय. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात ते दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सुकर केली.

सर्व अफूजन्य औषधे सारखी नव्हेत. कोडीन सौम्य, शरीरात त्याचे मॉर्फिन होते, तेव्हाच गुण येतो, आणि काहींच्या शरीरात ते पुरेसे होतच नाही. ट्रॅमाडॉलची मात्रा वाढल्यास झटके येऊ शकतात. मॉर्फिनची साधी गोळी सामान्यतः दर चार तासांनी द्यावी लागते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास जपून. फेंटानिलची पट्टी सुमारे ७२ तास पुरते, पण ती महाग. शिवाय उष्णतेने औषध अंगात वेगाने भिनते, हे विदर्भातील मे महिन्यात विसरून चालणार नाही. बद्धकोष्ठता बहुधा होतेच. म्हणून रेचक आरंभापासून द्यावे.

जुनाट कंबरदुखी वा गुडघेदुखीवर ही औषधे पहिला उपाय नव्हेत. तेथे लाभ अल्प, व्यसनाचा धोका खरा. परंतु त्याच भयापोटी अंथरुणाला खिळलेल्या कर्करुग्णास मॉर्फिन नाकारणे निर्दयपणाचे आहे. गोळ्या कुलुपात ठेवाव्यात. उरल्यास त्या देणाऱ्या रुग्णालयाला विचारून परत कराव्यात.