तार पंचमाची उडी आणि पॅरिसची एक पुस्तिका

वाद्यवृंदासाठी लिहावे कसे, हे शिकवणाऱ्या पुस्तकांचा विषय निघाला की पहिले नाव येते फ्रेंच संगीतकार बर्लिओझचे. त्याचा १८४४चा ग्रंथ थोर आहेच. पण त्याच्या ८० वर्षे आधी, १७६४ मध्ये, व्हॅलेंटिन रोझर या क्लॅरिनेटवादकाने पॅरिसमध्ये एक पुस्तिका छापली होती. क्लॅरिनेट आणि हॉर्नसाठी रचना करणाऱ्यांना मार्गदर्शन, एवढाच तिचा विषय. या विद्येवरचे पहिले स्वतंत्र पुस्तक म्हणून मान जातो तो तिलाच.

व्हायोलिन सोडून सुरुवात क्लॅरिनेटपासून का झाली? व्हायोलिन संगीतकारांच्या रोजच्या सरावातले होते. क्लॅरिनेट मात्र न्यूरेंबर्गच्या डेनरने १७००च्या सुमारास घडवलेले, नवखे वाद्य. शिवाय त्याचा स्वभावच निराळा.

बासरी जोरात फुंकली की मध्य षड्जाचा तार षड्ज होतो. सनईचेही तेच, कारण तिची नळी खाली रुंदावत जाते. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ असते आणि पत्तीकडच्या टोकाला ती बंद नळीसारखी वागते. अशा नळीत मूळ कंपनसंख्येच्या विषम पटीच जोर धरतात: एक, तीन, पाच. डाव्या अंगठ्याची चावी दाबली की कंपनसंख्या दुप्पट होत नाही, थेट तिप्पट होते. षड्ज वाजत असेल, तर उडी पडते तार पंचमावर! साधारण तेवढ्याच लांबीच्या पाश्चात्त्य फ्लूटपेक्षा क्लॅरिनेट जवळपास सप्तकभर खाली उतरते, तेही या बंद टोकामुळेच.

अडचण होती ती मधल्या स्वरांची. एवढी मोठी फट भरून काढायला जादा भोके आणि चाव्या लागतात, आणि सुरुवातीच्या वाद्याला चाव्या होत्या दोनच. काही स्वर दुबळे, काही बेसूर. म्हणून वादक वेगवेगळ्या पट्ट्यांची क्लॅरिनेट बाळगत. कागदावर ‘सी’ लिहिलेला असे आणि बी फ्लॅट क्लॅरिनेटमधून बी फ्लॅट ऐकू येई. हे न कळता लिहिणाऱ्या संगीतकाराची रचना तालमीतच कोसळणार. रोझरने दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बासून घेऊन उदाहरणेच लिहून दाखवली. वादकाच्या बोटांना काय झेपेल, इथून धडा सुरू करण्याची ही दृष्टी फार मोलाची होती, आणि तिचे श्रेय रोझरच्या पदरात पुरेसे पडलेले नाही.

रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हही अखेर याच वाटेने गेला. १८७१ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत प्राध्यापक झाला आणि १८७३ मध्ये रशियन नौदलाच्या बँडपथकांचा निरीक्षक. तेव्हा कुठे त्याने क्लॅरिनेटसारखी वाद्ये स्वतः हातात धरून त्यांवरची बोटांची ठेवण शिकून घेतली. पाच वर्षांनी त्याने क्लॅरिनेट आणि लष्करी बँडसाठी रचना लिहिली. पुढे १८८८च्या ‘शेहेराझाद’ या वाद्यवृंदरचनेमध्ये याच वाद्याला मोकळे सोडले.

त्याचा ऑर्केस्ट्रेशनवरचा, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिण्याच्या विद्येवरचा, ग्रंथ मृत्यूनंतर, १९१३ मध्ये निघाला. त्यातली सगळी उदाहरणे त्याच्या स्वतःच्या रचनांमधली आहेत.