अँतिग्वा ग्वातेमाला
अँतिग्वा ग्वातेमाला हे मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशामधील एक ऐतिहासिक शहर आहे. सुमारे १,५०० मीटर उंचीवरील पांचोय खोऱ्यात वसलेल्या या शहराजवळ आग्वा, फुएगो व आकातेनांगो हे तीन ज्वालामुखी आहेत. १५४१ साली आग्वाच्या उतारावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात आधीची राजधानी उद्ध्वस्त झाल्यावर १५४३ मध्ये स्पॅनिश वसाहतकारांनी येथे नवी राजधानी वसवली. १७७३ च्या भूकंपात तिची प्रचंड हानी झाली व १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वातेमाला सिटी येथे हलवण्यात आली. शहर सोडण्याचा आदेश असूनही काही रहिवासी येथेच राहिले. ‘अँतिग्वा’ म्हणजे ‘जुने’.

राजधानीचे स्थान गेल्याने पुनर्बांधणी मर्यादित राहिली. परिणामी काटकोनी रस्त्यांची मूळ आखणी व मठ-चर्चचे भग्नावशेष टिकून राहिले. १९७९ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारसा स्थान घोषित केले. सान्ता कातालिना कमान, ला मेर्सेद चर्च आणि पवित्र सप्ताहात मिरवणुकीच्या मार्गावर काढले जाणारे रंगीत भुशाचे गालिचे ही येथील प्रमुख आकर्षणे आहेत. फुएगो अद्याप जागृत असून ३ जून २०१८ रोजीच्या उद्रेकात त्याच्या पायथ्याची वस्ती गाडली गेली.