टिकणारे लेखन: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिहायला सुरुवात करणारे पुष्कळ असतात, वीस वर्षांनीही लिहीत असलेले थोडे. प्रतिभा आटली, असे आपण म्हणून टाकतो. पण पुष्कळदा आड येतात ते लेखनाविषयीचे ऐकीव नियम.

गैरसमज १: नोकरी-संसार सांभाळून गंभीर लेखन होत नाही.

वस्तुस्थिती: कवी नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) हा कवितासंग्रह त्याच कष्टांतून आला. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचली आणि ती पुस्तकरूपाने त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये आली. मोकळा वेळ दोघांनाही नव्हता. त्यांच्या शब्दांना बळ मिळाले ते रोजच्या कामातूनच.

गैरसमज २: स्फूर्ती आली की पुस्तक आपोआप उतरते.

वस्तुस्थिती: साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढली, हे खरे. पण त्यातल्या आईच्या आठवणी त्यांनी आयुष्यभर मनात जपल्या होत्या. लेखणी न चालवताही तयारी चालू असते. वाचणे, ऐकणे, टिपून ठेवणे हेही लेखनाचेच काम.

गैरसमज ३: रोज लिहिले नाही, सतत छापून आले नाही, तर लेखक संपला.

वस्तुस्थिती: ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये आला आणि ‘भिजकी वही’ २००३ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षे कोलटकर लिहीत होते, छापण्याची घाई करत नव्हते. २००५ मध्ये ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रोज हजार शब्दांचा संकल्प महिन्याभरात मोडण्यापेक्षा आठवड्यातल्या दोन ठरलेल्या बैठका वर्षभर पाळणे अधिक फलदायी.

गैरसमज ४: आधी लेखनाची भूमिका पक्की हवी, मग लेखन.

वस्तुस्थिती: भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये आली, तेव्हा ते पंचविशीत होते. देशीवादाची, म्हणजे साहित्याची मुळे आपल्याच मातीत असावीत या भूमिकेची, सविस्तर मांडणी त्यांनी बरीच पुढे केली. भूमिका लिहिता लिहिता घडते आणि वयाबरोबर बदलते.

म्हणून दुसऱ्याचे वेळापत्रक उसने घेऊ नये. वर्षातून एकदा वही उघडून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मी कोणासाठी लिहितो? दिवसातली कोणती वेळ खरोखर माझी आहे? कोणत्या मोहापायी मी लिहिणार नाही? गेल्या वर्षीची उत्तरे यंदा पटली नाहीत, तर निःसंकोच बदलावीत. आपल्या जगण्याला झेपेल अशी शिस्तच वर्षानुवर्षे साथ देते, आणि लिहिणाऱ्याचे तत्त्वज्ञान याच उत्तरांतून आकार घेते.