आठ खंड्यांचा गोवा

गोव्यात भल्या पहाटे रस्त्यावर दोनच जातीची माणसं भेटतात: सायकलवरून पाव विकणारा पोदेर आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला पक्षीवेडा. नोव्हेंबर ते मार्च हा या दुसऱ्यांचा हंगाम. चार्टर विमानांनी येणाऱ्या ब्रिटिश पक्षिनिरीक्षकांमुळे इथे गाईडचा धंदा बाळसं धरू लागला. आता पुण्या-मुंबईची मंडळीही त्याच गाड्यांत दिसतात. राज्य अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं, पक्ष्यांची यादी मात्र साडेचारशेच्या वर. साहजिकच बहुतेकांची सहल म्हणजे खुणा मारत पळणं.

मला विचाराल, तर यादी बाजूला ठेवून नुसत्या खंड्यांच्या मागे जावं. भारतात खंड्यांच्या बारा जाती आहेत, त्यांतल्या आठ गोव्यात मिळतात. कोणता खंड्या बसलाय यावरून पाणी गोडं की खारं, उघडं की सावलीतलं, याचा अंदाज बांधता येतो. चांगला गाईड हेच करतो, फक्त उलट्या दिशेनं: तो आधी पाणी वाचतो.

सुरुवात करमळीच्या तळ्यापासून. भातशेतीसाठी माणसांनी बांधलेलं हे तळं कोकण रेल्वेच्या स्थानकाला अगदी खेटून आहे. अडई बदकांचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी. काठावरच्या काटकीवर छोटा खंड्या, आणि मध्यावर, जिथे बसायला काहीच नाही तिथे, काळा-पांढरा कवड्या खंड्या. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायचं कसब त्याच्याकडे आहे, त्यामुळे फांदीवाचून त्याचं अडत नाही. तिसरा, पांढऱ्या गळ्याचा खंड्या, तर पाण्यालाही बांधलेला नाही. पर्वरीच्या बाजूला जांभ्या दगडाच्या सड्यावर, माळटिटवी आणि चंडोलांच्या राज्यात, तो विजेच्या तारेवर बसून नाकतोडे आणि सरडे मारतो.

खरी गंमत खाऱ्या पाण्यात आहे. कुठ्ठाळीहून होडी जुवारीत निघते आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरते. दोन्ही काठांना खारफुटी आणि तिच्यामागे खाजन शेती. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन मानशींवर चालते. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीच्या दाबानं ते आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. त्या दारापाशी मासळी गोळा होते, आणि तिच्यावर डोळा ठेवून लालभडक, जाडजूड चोचीचा घोंग्या खंड्या बसलेला असतो. काळटोप्या खंड्या खारफुटीच्या कडेनं जांभळा-निळा झळकून जातो. चिखलावर मगरी उन्हं खात पडलेल्या असतात. कालव्याकाठच्या काही गावांत पौषी अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते, तिला मानगे थापणी म्हणतात. होडीतल्या फार थोड्यांना हे कोणी सांगतं, हे माझं जुनं गाऱ्हाणं.

होडीवाल्याची नजर ज्यासाठी भिरभिरत असते तो मात्र पांढऱ्या गळपट्टीचा निळा खंड्या. सुंदरबन आणि अंदमानात तो सहज दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर तुरळक ठिकाणीच. इथल्या उपजातीचं नाव ‘विडाली’. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानं दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी १८८०मध्ये छापली. पुढे १८९२मध्ये शार्प या पक्षितज्ज्ञानं या उपजातीला त्याचं नाव दिलं. म्हणजे जुवारीत लोक ज्याचे फोटो काढतात, त्याच्या नावामागे रत्नागिरीकडची नोकरी आहे.

उरले दोन. त्यांच्यासाठी घाटाकडे, मोले आणि तांबडी सुर्लाच्या रानात जावं लागतं. कदंबकाळातल्या महादेव मंदिरापाशी ओढा आहे. अशाच गर्द सावलीच्या ओढ्यांवर निळ्या कानाचा खंड्या राहतो. छोट्या खंड्याच्या कानापाशी तांबूस रंग असतो, याच्या कानापाशी निळा. पाठ फिरवून बसला की गाईडही गप्प होतो.

याच रानात बेडूकतोंड्याची जोडी वाळक्या पानांसारखी चिकटून बसते आणि तिच्यासमोर पर्यटकांची रांग लागते. कुठे मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावले जातात. विणीच्या दिवसांत त्या आवाजाला उत्तर देण्यात पक्ष्याचा वेळ आणि ताकद जाते, आणि समोर प्रतिस्पर्धी नसतोच. गाईडनं फोन खिशात ठेवला, तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत, असं माझं मत.

या रानावरच मध्यंतरी गदा आली होती. मोल्यातून जाणारा लोहमार्ग दुपदरी करण्याच्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२मध्ये रद्द केली. त्याआधी गोव्यात तरुण मुलांनी मोठं आंदोलन उभारलं होतं.

याच रानातला आठवा, तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, नारिंगी-जांभळा, पायाला तीनच बोटं. हिवाळी सहलीत तो नशिबानंच दिसतो, कारण कोकणात त्याची वीण पावसाळ्यात: जूनच्या सरी सुरू झाल्या की ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरायचं आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे भरवायचे. त्या दिवसांत चार्टर विमानं नसतात, दुर्बिणीच्या काचांवर वाफ धरते आणि बुटात जळवा शिरतात. आठही पाहायचे असतील, तर तिकीट जुलैचंही काढावं लागेल.