बीडच्या धावा पुण्यात चालतात का?

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर यजमान संघ, गाठायच्या २४५ धावा आणि भारत ४ बाद ३२. त्या स्पर्धेत पुढे सर्वोत्तम खेळाडू ठरलेला वेगवान गोलंदाज क्वेना माफाका समोरच्या संघात होता. अशा वेळी बीडच्या सचिन धसने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली. त्याच्या स्वतःच्या धावा ९५ चेंडूंत ९६. शतक हुकलं, पण सामना दोन गडी राखून भारताने जिंकला.

सचिन धस बीडमध्ये घडला. वडील संजय आरोग्य खात्यात, आई सुरेखा पोलीस खात्यात आणि प्रशिक्षक शेख अझहर. सराव अर्ध्या टर्फवर, म्हणजे चेंडू जिथे टप्पा घेतो तेवढ्याच भागात खरी माती. ती माती जिवंत ठेवायला पाणी लागतं आणि बीडमध्ये पाणी म्हणजे टँकर.

जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात असा एखादा पोरगा किंवा पोरगी असते. शाळेच्या संघात एकहाती सामने काढणारी, गावाने डोक्यावर घेतलेली. मग निवड चाचणीच्या मैदानाबाहेर कुणीतरी म्हणतंच, ‘इथं मारतोय, पण पुढं टिकेल का?’ बास्केटबॉल असो, क्रिकेट असो की कबड्डी, छोट्या शाळेतून मोठ्या संघात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे हा प्रश्न लागतो. तो विचारणारा दर वेळी दुष्ट नसतो. दुबळ्या गोलंदाजीवर काढलेल्या दीडशे धावांवरून खरंच फारसं कळत नाही. बास्केटबॉलमध्ये तर समोर पाच फुटांची पोरं असतील, तर पावणेसहा फुटांचा मुलगा बास्केटखाली उभा राहूनच वीस गुण करतो. पुढच्या पातळीवर तोच सर्वांत बुटका ठरतो. तिथे त्याला चेंडू हाताळणं, बचाव आणि लांबून नेम हे सगळं नव्याने शिकावं लागतं.

घड्याळाचं तसं नाही. बीडच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून तो प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेत आला आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी अशी ही शर्यत. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ही वेळ भुवनेश्वरला जेवढी खरी, तेवढीच दोह्याला आणि पॅरिसलाही. धावपटू कुठल्या शाळेतून आला, हे घड्याळ विचारत नाही. धावण्याच्या खेळांत छोट्या गावची मुलं लवकर वर येतात, त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं.

तरी साबळेच्या कारकिर्दीत मला विक्रमापेक्षा त्याला लागलेली वर्षं महत्त्वाची वाटतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा अवघे पाच शतांश सेकंद मागे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ आणि पुढच्याच महिन्यात तिथेच ऑलिम्पिकची अंतिम फेरी. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्याआधी २०१६ मध्ये रिओला माणदेशच्या ललिता बाबर अंतिम फेरीत दहाव्या आल्या होत्या, त्याही अशाच दुष्काळी पट्ट्यातल्या. भुवनेश्वर ते पॅरिस या सहा वर्षांत साबळेने वीस सेकंद कमी केले. त्यासाठी त्याला अमेरिकेत सराव मिळाला, केनियाच्या धावपटूंशी वारंवार शर्यती मिळाल्या आणि मध्ये हरायलाही वाव मिळाला.

कुस्तीत हा प्रश्न आपल्याकडच्या वस्तादांनी फार पूर्वी सोडवला आहे. पोरात दम दिसला की त्याला मोठ्या तालमीत धाडायचं, कारण तोडीस तोड जोड मिळाल्याशिवाय मल्ल वाढत नाही. बीड जिल्ह्याचा राहुल आवारे असाच पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांकडे आणि नंतर काका पवारांकडे घडला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. गावातल्या फडात त्याने किती जणांना चीत केलं, यापेक्षा पुण्यात रोज सकाळी त्याच्याशी कोण लढत होतं, याने फरक पडला.

पण नुसतं मोठ्या ठिकाणी नेऊन सोडलं की झालं, असंही नाही. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधलं लॅरी बर्डचं उदाहरण मी प्रत्येक क्रीडाशिक्षकाला सांगेन. इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक या दोनेक हजार वस्तीच्या गावचा हा मुलगा. १९७४ मध्ये राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या इंडियाना विद्यापीठाने, प्रशिक्षक बॉबी नाइट यांच्या संघासाठी, त्याला निवडलं. महिनाही झाला नाही तोच तो घरी परतला. खेळ कमी पडला नव्हता. हजारो विद्यार्थ्यांचा तो परिसर त्याला झेपला नाही आणि हाताशी पैसेही नव्हते. गावी येऊन त्याने नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर काम केलं. मग इंडियाना स्टेट या लहान विद्यापीठात गेला आणि १९७९ मध्ये त्या संघाला सलग ३३ विजयांनंतर राष्ट्रीय अंतिम सामन्यात घेऊन आला. तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५–६४ असं हरवलं. बर्ड पुढे खेळाच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठांत गणला गेला. १९७४ च्या त्या महिन्यावरून त्याचा निकाल लावला असता, तर?

आपल्याकडे असे निकाल रोज लागतात. आष्टीचा किंवा धारूरचा मुलगा पुण्याच्या चाचणीला जातो. रात्रभर एसटीत, सकाळी अनोळखी मैदान, उधारीचे बूट. नेटमध्ये दहा-बारा चेंडू मिळतात, मग नाव वगळलं जातं. पुण्याचा मुलगा त्याच प्रशिक्षकासमोर वर्षभर खेळलेला असतो. ही तुलनाच चुकीची आहे. चाचणी दोन दिवसांची न ठेवता या मुलांना महिनाभर मोठ्या गटात खेळवावं. पहिल्या आठवड्यात ती अडखळतीलच. चौथ्या आठवड्यात कुठवर आली, ते पाहून निवड करावी.

आणि बीडपुरती एक गोष्ट याहून आधीची आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी चढत पावसाळ्यात सुरू होतात आणि पुढे थंडीपर्यंत चालतात. नेमकं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात आणि कित्येक मुलं आईबापांबरोबर कारखान्याच्या कोप्यांवर जातात. तालुक्याला पहिली आलेली मुलगी विभागाच्या वेळी सांगलीकडच्या फडात असेल, तर ती पुढे टिकली असती का, हे कुणालाच कळत नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. तालुका स्पर्धा जिंकलेल्या प्रत्येक मुलाला तिथे आपोआप जागा मिळाली पाहिजे. अशा प्रत्येक वसतिगृहाला सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभा राहणारा शिक्षक मिळाला पाहिजे आणि राज्य पातळीपर्यंतचा एसटीचा खर्च शाळेने नव्हे, शासनाने भरला पाहिजे.