आईची गुलछडी

दोन वर्षांपूर्वी माहेरचं घर विकायचं ठरलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. भांडी निघाली, साड्या निघाल्या. मी मात्र खुरपं घेऊन मागच्या आडाकडे गेले. ‘वन्सं, तिथं काय शोधताय?’ वहिनीने विचारलं. आडाशेजारच्या वाफ्यात आईची गुलछडी होती. वर नुसती वाळलेली पात, पण खाली कांदे जिवंत होते. पिशवी भरून घेऊन आले.

गुलछडी, निशिगंध, रजनीगंधा ही एकाच फुलाची नावं. रातराणी मात्र वेगळी, ते झुडूप. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा आणि आपल्या घायपाताच्या नात्यातला. म्हणून त्याला ऊन हवं आणि मुळाशी साचलेलं पाणी नको.

घरी पिशवी ओतली तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, यात लिलीपण आहे!’ खरंच होतं. आईने वाफ्याच्या कडेने पांढरी लिली लावली होती. मैत्रिणींनो, ही ओळख लक्षात ठेवा. लिलीचा कांदा मोठा, गोल, खायच्या कांद्यासारखा. निशिगंधाचे कांदे लांबट, टोकदार, तपकिरी सालीचे आणि झुबक्याने. पानं आल्यावर तर शंकाच राहत नाही. लिलीचं पान रुंद, जाड, चकचकीत. निशिगंधाचं अरुंद, गवतासारखं, बुडाशी तांबूस ठिपके असलेलं.

कांदे महिनाभर सावलीत कोरडे ठेवले आणि मार्चअखेर कुंड्यांत लावले. माती, शेणखत आणि थोडी वाळू. टोक वर करून, दोन-अडीच इंच खोल. बारा इंची कुंडीत तीन कांदे पुरेत. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत बेताचंच. साधारण तीन-चार महिन्यांत दांडा येतो, असं ऐकलं होतं.

श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. दांडा काही दिसेना. ‘झुणका करायचा का या पातीचा?’ सासूबाई हसून म्हणाल्या. मला मात्र रडू आलं. वाटलं, आईची एवढी एक गोष्ट आणली, तीही माझ्या हातून गेली.

शेवटी बाजारात गजरेवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, केवढाले कांदे लावले?’ मी म्हटलं, ‘बोराएवढे.’ ‘मग फूल कुठनं येणार? बारकी पोरं हायती ती. वाढू द्या की!’

त्यांनी सांगितलं ते असं : एक कांदा एकदाच फुलतो. नंतर त्याच्या भोवतीची पिल्लं वाढतात आणि पुढं ती फुलतात. दोन-तीन वर्षांनी गर्दी झाली की कांदे उकरून वेगळे करायचे. निदान इंचभर जाडीचे फुलासाठी लावायचे, बारीक दुसरीकडे वाढवायचे. उकरलंच नाही तर पिल्लं दाटीत बारीकच राहतात.

तेव्हा उलगडा झाला. शेवटची चार वर्षं आई अंथरुणाला खिळली होती. वाफा कोणी उकरलाच नव्हता. आम्हा कोणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

मी कांदे तसेच राहू दिले. हिवाळ्यात पाणी कमी केलं, उन्हाळा लागताच शेणखत घातलं. गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी गॅलरीत गेले आणि वास आला. दोन कुंड्यांत दांडे होते, खालच्या कळ्या उमललेल्या. अंधार पडला तसा वास वाढत गेला. सासूबाई काही न बोलता खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसल्या.

या फेब्रुवारीत सगळ्या कुंड्या उकरल्या. इंचभर जाडीचे अकरा कांदे निघाले. पाच ठेवले, सहा वहिनीला दिले. तिच्या फ्लॅटला छोटी गॅलरी आहे, सकाळचं ऊन येतं. देताना एकच सांगितलं, ‘दोन वर्षांनी उकरायचं विसरू नकोस.’

तुमच्याही माहेरी असा एखादा वाफा असेल, तर आता उकरून बघा. लावायचे दिवस हेच आहेत.